कोळी मुतला नव्हता

आमच्या घरातल्या एका कोळ्यावर दोन आरोप ठेवले गेले होते. दोन्ही खोटे होते. पहिला खोटा आहे हे शोधून काढायला मला दीड महिना लागला. दुसरा खोटा आहे हे मात्र मला सुरुवातीपासून माहीत होतं, आणि तरी मी गप्प बसलो होतो.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. इंदिरानगरात आम्ही नुकतंच घर बांधलं होतं. तेव्हा तिकडे घरं कमी आणि मोकळे प्लॉट जास्त होते. आमच्या कंपाउंडला लागून एक मळा होता. मेथी, कोथिंबीर, कडेने झेंडू. मळ्यात पाटाचं पाणी सोडलं की आमच्या ओट्यापर्यंत ओल यायची. मी अंबडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होतो. घरात मी, बायको आणि पहिलीत जाणारी मुलगी.

हॉलमध्ये भिंतीवरच्या घड्याळामागे एक मोठा कोळी राहायचा. पाय पसरले की तळहाताएवढा, चपटा, तपकिरी, खेकड्यासारखा आडवा पळणारा. जाळं विणायचा नाही. अंधार पडला की बाहेर निघून झुरळं धरायचा. मुलगी त्याला ‘घड्याळवाला’ म्हणायची. बायको मात्र त्याला पाहिलं की खुर्चीवर पाय वर घेऊन बसायची. ती गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये वाढलेली. मी शेतकऱ्याच्या घरातला, म्हणून मी हसून सोडून द्यायचो.

भाद्रपदात पावसाने उघडीप दिली, आणि एका सकाळी मुलगी मान खाजवतच उठली. मानेवर लाल पट्टा होता, चटका बसल्यासारखा. उजव्या कोपराच्या आतल्या बाजूलाही तसाच. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडे पाण्याचे बारीक फोड आले आणि पोर रडरड रडली.

शेजारच्या काकूंनी दारातूनच निदान केलं. “कोळी मुतला गं बाई हिच्या अंगावर! तूप-हळद लाव, आणि आधी त्या मेल्याला बाहेर काढ.”

आमच्याकडे अंगावर असे फोड उठले की ‘कोळी मुतला’ म्हणतात. माझी आई म्हणायची, तिची आई म्हणायची. मलाही त्यात शंका घ्यावीशी वाटली नाही. बायकोने माझ्याकडे पाहिलं. “मी वर्षभर सांगतेय ना तुम्हाला? हसत होतात. आता हसा.”

मी हसलो नाही. मला वाटलं, आपण बाप म्हणून कमी पडलो. आणि कमी पडलेला माणूस भरपाई करायला निघाला की हमखास जास्तच करतो.

रविवारी मी बायको-मुलीला सासरवाडीला सोडलं आणि सिन्नरच्या एसटीत बसलो. तिथून पुढे जीपने गावी गेलो. माझा थोरला भाऊ तिथे द्राक्षं आणि टोमॅटो करतो. दादाला सगळं सांगितलं.

“कोळी व्हय?” दादा म्हणाला. “त्याला कशाला बाजारातलं सेंटचं पाणी मारतो? हे ने. लय जालीम औषध हाय. टोपणभर टाक बादलीत, कोळी काय, कोळ्याचा आजा राहनार नाय.”

त्याने खोलीच्या कोपऱ्यातल्या कॅनमधून एका रिकाम्या बाटलीत ते काढून दिलं. बाटलीवर नाव नव्हतं, सूचना नव्हती. मीही विचारलं नाही. आमच्या घरात लहानपणापासून वाक्यं अशीच होती. ‘बागेला औषध मारलं का?’ ‘आज औषधाचा दिवस आहे.’ औषध म्हटलं की मनात चांगलंच येतं. औषधाने कुणाचं वाईट कसं होईल?

दुपारी घरी येऊन मी दारं-खिडक्या लावल्या, नाकाला रुमाल बांधला आणि माशा मारायच्या पत्र्याच्या हातपंपाने सगळं घर फवारलं. घड्याळामागे, पलंगाखाली, गाद्यांच्या कडांना, मुलीच्या कपड्यांच्या कपाटामागे. पाच मिनिटांत घड्याळवाला खाली पडला. तेव्हा कळलं की तो नाही, ती होती. पोटाशी तिने रुपयाएवढी पांढरी चकती धरलेली होती. तिची अंडी. पाय आखडले, पण चकती सुटली नाही. मी ती केरसुणीने सुपलीत घेतली आणि बाहेर टाकली. त्या वेळी मला विजय मिळाल्यासारखं वाटलं होतं, हे कबूल करतो.

मी तासभर खिडक्या उघड्या ठेवल्या, उदबत्ती लावली आणि चार वाजता दोघींना घेऊन आलो. “औषध मारलंय,” मी बायकोला म्हणालो. “संपला तो.” तिने नाक मुरडलं. “वास किती येतोय.” पण तिला वाटलं, दुकानात मिळतं तेच असेल. मी खुलासा केला नाही. मुलगी आनंदाने गादीवर उड्या मारायला लागली.

साडेपाचच्या सुमाराला तिला उलटी झाली. मग दुसरी. तोंडातून लाळ गळायला लागली, डोळ्यांतून पाणी. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. आम्ही तिला उचलून जवळच्या दवाखान्यात पळालो.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी पटापट तपासलं आणि विचारलं, “हिला कुठलं औषध दिलंत का?”

“नाही,” मी म्हणालो.

हे ‘नाही’ मला अजून ऐकू येतं. शब्दाला धरून ते खरं होतं. औषध दिलं नव्हतं, मारलं होतं. बायको शेजारी उभी होती, आणि तिच्यासमोर तोंड उघडायची माझी हिंमत झाली नाही. डॉक्टर म्हणाले, “कशाची तरी विषबाधा दिसतेय,” आणि ते सुई भरायला आत गेले. मी दोन-तीन मिनिटं भिंतीला टेकून उभा राहिलो. मग त्यांच्यामागे गेलो आणि दार आतून लावून सगळं सांगितलं. बागेचं औषध, बिनलेबलची बाटली, गाद्या, सगळं.

त्यांनी सुई खाली ठेवली, दुसरी बाटली काढली. “शेतातलं घरात मारता? शिकलेले आहात ना?” ते दबक्या आवाजात ओरडलेच. “तिचे कपडे काढा, साबणाने अंग पुसा, लवकर!” पुढचे दोन तास मी काही पाहिलं नाही, फक्त तिच्या पायाचा अंगठा धरून बसलो होतो. ती शुद्धीवर होती, घाबरली होती, आणि हळूहळू लाळ थांबली.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी सोडताना डॉक्टर हळूच म्हणाले, “बाईंना मी सांगणार नाही. तुम्ही सांगा.”

मी सांगणार होतो. खरंच सांगणार होतो. पण त्याआधी बायकोनेच कारण शोधून काढलं. मुलीला मी काकूंकडे बसवलं होतं. घर झाडताना बायकोला चिवड्याच्या डब्याजवळ कोळ्याचा एक तुटका पाय सापडला. “हा बघा,” ती कागदावर तो घेऊन आली. “डब्यात पडला असणार मरताना. त्याचं विष पोरीच्या पोटात गेलं. आधी अंगावर मुतला, मग पोटात गेला. जाता जाता मारून चालला होता तिला.”

मी त्या पायाकडे पाहिलं. केसाएवढा बारीक पाय. आणि मी म्हणालो, “असेल.”

बस, तेवढंच. ‘असेल’. माझा गुन्हा मी त्या मेलेल्या कोळ्याच्या नावावर करून टाकला.

बायकोने बॅग भरली. “मला घर धुऊन-पुसून हवंय. एकही कोळी नको, मोठा नाही, छोटा नाही. तोवर आम्ही गंगापूर रोडला. परत असं झालं तर मी येणारच नाही, लक्षात ठेवा.” मुलीची शाळा तिथून लांब पडत होती, तरी ती गेली.

पाच आठवडे मी एकटा राहिलो. बाटली दादाला परत केली. सोडा आणि साबणाने भिंती धुतल्या, गाद्या उन्हात घातल्या, कापूस बदलून घेतला. रोज सकाळी कामावर जाण्याआधी विजेरी घेऊन कोपरे तपासायचो. कोळी एकही नव्हता. झुरळं मात्र वाटेल तेवढी झाली होती. घड्याळवालीची जागा कोणी घेतली नव्हती ना.

संध्याकाळी फोनवर मुलगी विचारायची, “पप्पा, घर झालं का साफ?”

“झालंच.”

“मग आईला विचारू, येऊ का म्हणून?”

“दोन दिवस थांब,” मी म्हणायचो. कोळ्यांमुळे मी थांबत नव्हतो. बायको दारातून आत आली की तिच्या तोंडाकडे बघायचं कसं, हे मला कळत नव्हतं.

अशात एके सकाळी दाढी करताना मानेला आग झाली. आरशात पाहिलं तर लाल पट्टा. दुसऱ्या दिवशी फोड. अगदी मुलीसारखे.

मी ब्रश हातात धरून तसाच उभा राहिलो. कोळी एकही नाही. मग मुतलं कोण?

काकूंकडे उत्तर तयार होतं. “आधी मुतलेला असेल पांघरुणावर.”

“काकू, पांघरुणं तीनदा धुतली.”

“मग भिंतीवरून उडी मारून गेला असेल.”

“कुठे गेला?”

“मला काय सांगून गेला?”

कारखान्यात एखादा पार्ट नापास झाला की कारण सापडेपर्यंत आम्ही मशीन चालू करत नाही. तीच सवय कामाला आली. मी एका वहीत लिहून काढलं. फोड कुठे येतात? उघड्या अंगावर, मानेला, कोपराला. कधी? पाऊस थांबलेला आणि मळ्यात पाणी सोडलेलं असतं तेव्हा. रात्री काय चालू असतं? ट्यूबलाइट.

दिवेलागणीला मी ट्यूबलाइटखाली पांढरी चादर अंथरून बसलो. पाखरं आली, चिलटं आली. आणि मग मुंग्यांसारखे दिसणारे काही किडे. पण मुंग्या नव्हत्या त्या. नखाएवढे लांब, केशरी आणि काळे पट्टे आळीपाळीने. काडीने डिवचलं की शेपटी विंचवासारखी वर करायचे. एक माझ्या मनगटावर बसला, आणि हात आपोआप वर गेला, चापट मारायला. तो हात मी हवेतच थांबवला. झोपेत आपण काय करतो? मानेवर काही वळवळलं की चिरडतो आणि पुसून टाकतो.

दोन किडे काडेपेटीत घालून मी गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या सरांकडे गेलो. ते शेतकी शाळेत शिकवून निवृत्त झाले होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“अरे वा, हे आलेत का तुमच्याकडे? ओल्या शेतातले किडे. दिव्याला येतात. चावत नाहीत, नांगी नाही. पण चिरडला तर अंगातलं पाणी कातडी भाजतं. फुंकर मारून उडवायचा, चापट मारायची नाही.”

“मग कोळी मुततो ते?”

“कोळी कशाला मुतेल हो तुमच्या अंगावर? त्याला दुसरी कामं नाहीत?” सर हसले. मग जरा गंभीर झाले. “शेतात बिळात राहणारे मोठे केसाळ असतात, त्यांच्या वाटेला जायचं नाही. लाकडाच्या ढिगात हात घालताना, बूट घालताना झटकून घ्यावं. तुमचा तो भिंतीवरचा चपटा, त्याला चिमटीत धरलात तर चावेल, दुखेल. पण फोडांचा गुन्हा त्याचा नाही.”

हे मी बायकोला नुसतं सांगितलं असतं तर तिने कशाला मानावं? माझ्या शब्दाला तेव्हा माझ्याकडेच किंमत नव्हती. मला पुरावा पाहिजे होता, आणि तो माझ्याच अंगावर पाहिजे होता.

मळ्यातल्या मोटारीच्या खोलीत तसाच एक चपटा कोळी सापडला. सरांनी तो बरणीत धरला. मी शर्टाच्या दोन्ही बाह्या वर केल्या. डाव्या हातावर सरांनी कोळी सोडला. मी शेतकऱ्याचा मुलगा, तरी मी तोंड दुसरीकडे फिरवलं. तो कोपरापर्यंत चढला, थांबला, परत फिरला.

“हलू नका,” सर म्हणाले. “तो तुम्हाला झाड समजतोय. समजू द्या.”

तो दोनदा वर-खाली फिरला आणि सरांनी त्याला परत बरणीत घेतलं. मग उजव्या हाताच्या कोपराच्या आत मी एक किडा ठेवला, बोटाने चिरडला आणि हात मिटला.

“अहो, चिरडू नका म्हणून सांगतोय आणि हे घ्या!” सर कपाळाला हात लावून म्हणाले. “डोळ्याला लावू नका तो हात. धुवा.”

“उद्या धुतो,” मी म्हणालो. बोट तेवढं धुतलं.

दुसऱ्या दिवशी उजव्या कोपराला लाली आली. तिसऱ्या दिवशी फोड. आणि तेही दोन जागी. हात मिटल्यावर कातडीला कातडी टेकते तिथे खाली एक आणि वर एक, घडी घातलेल्या कागदावर शाई उमटावी तसे. मुलीच्या कोपरालाही अगदी अशीच जोडी होती. डावा हात स्वच्छ. स्वतःच्या फोडांकडे पाहून इतका आनंद कुणाला झाला नसेल. मी आरशासमोर दोन्ही हात वर करून उभा राहिलो, शर्यत जिंकलेल्या माणसासारखा.

त्या संध्याकाळी स्कूटर काढली आणि गंगापूर रोड गाठला. सासरे दिवाणखान्यात पेपर वाचत होते. सासूबाई म्हणाल्या, “या जावईबापू, चहा टाकते.” मी म्हटलं, आधी बघा. टेबलावर काडेपेटी ठेवली, बाह्या वर केल्या आणि सगळं सांगितलं. हा हात कोळ्याचा, हा हात किड्याचा. बायकोने माझा उजवा हात दिव्याखाली ओढला. मग मुलीला बोलावून तिच्या कोपरावरचा पुसट होत चाललेला डाग शेजारी धरला. तोच आकार, तीच जोडी.

“अगंबाई,” सासूबाई म्हणाल्या. “म्हणजे आमच्या सात पिढ्या उगाच कोळी मारत आल्या?”

सासरे मोठ्याने हसले. “शाब्बास जावईबुवा! कारखान्यातल्या नोकरीचं सार्थक झालं.”

मुलगी ओरडली, “घड्याळवाला निर्दोष!” आणि मी पण हसलो. तो माझा पहिला खरा विजय होता, पुरा एक मिनिट टिकला.

बायको हसत नव्हती. ती हात धरूनच होती. “हे फोडांचं झालं,” ती म्हणाली. “मग हिला उलट्या कशाने झाल्या?”

मी ‘असेल काहीतरी’ म्हणू शकलो असतो. तो शब्द तोंडात आलाही होता. पण शेजारी मुलगी उभी होती, आणि तिने आत्ताच एकाला निर्दोष सोडलं होतं.

“मी,” मी म्हणालो. “माझ्याने झाल्या.”

मग सांगितलं. दादाची बाटली, गाद्या, डॉक्टरांना दिलेलं ते पहिलं ‘नाही’, चिवड्याच्या डब्याशी म्हटलेलं ‘असेल’. सासऱ्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. सासूबाई मुलीला घेऊन आत गेल्या. बायकोने माझा हात सोडला.

“डॉक्टरांना कधी सांगितलंत?”

“त्याच दिवशी. दोन-तीन मिनिटांनी.”

“आणि मला दीड महिन्याने.”

“हो.”

“म्हणजे हिला कोळी नाही चावला. तुम्ही चावलात.”

मी काडेपेटी खिशात घातली. ती म्हणाली, “जा आता.” मी गेलो. चहा राहिलाच. पण घरी येऊन मी विजेरी घेऊन कोपरे तपासले नाहीत. सरळ झोपलो. दीड महिन्यात पहिल्यांदा गाढ झोप लागली.

चार दिवस फोन आला नाही. शनिवारी दुपारी रिक्षा थांबली. बायको उतरली, मागून मुलगी, मागून दोन्ही बॅगा. माझ्याशी न बोलता तिने घर पाहिलं. गाद्यांचा वास घेतला, कपाटामागे डोकावली, हातपंप कुठाय विचारलं. “भंगारात दिला,” मी म्हणालो. मग ती पाटावर बसली.

“ऐका. आजपासून या घरात त्याला औषध म्हणायचं नाही. औषध म्हणजे डॉक्टर देतात ते. जे मारतात ते विष. तोंडाने विष म्हणायचं, म्हणजे हातालाही कळेल.”

एवढीच अट होती. मी आनंदाने मान्य केली, आणि मग तिने स्वतःच मला चहा करून दिला.

भाऊबीजेला दादाकडे गेलो तेव्हा सगळं त्यालाही सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. पण बायकोची अट ऐकून तो चिडला. “विष मारलं म्हनलं तं मानूस द्राक्ष खाईल का? काय बोलतो!” परत निघताना पाहिलं, तर त्या खोलीतल्या कपाटावर चुन्याने मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: विष. खाली कुलूप. दादा म्हणाला, “पोरं हायत घरात. आन वहिनीला सांग, लिवलं विष म्हनून.” थोरल्या दिराने धाकट्याच्या बायकोला वहिनी म्हणायची रीत नाही. पण त्या दिवशी तो तसं म्हणाला.

मग आम्ही मोहीमच काढली. ओट्यावरची ट्यूब काढून पिवळा बल्ब लावला. खिडक्यांना बारीक जाळी ठोकली. पावसाळ्यात संध्याकाळी चादरी झटकायच्या, अंगावर काही बसलं तर फुंकर मारायची. पहिल्या वर्षी आमच्याकडे एकालाही फोड आला नाही. दुसऱ्या वर्षी अर्ध्या गल्लीत पिवळे बल्ब लागले होते. कोणाच्या घरी कोळी निघाला की मला बोलावणं यायचं. मी ग्लास आणि जुनी लग्नपत्रिका घेऊन जायचो. ग्लास वरून पालथा, पत्रिका खालून सरकवायची, आणि कोळी मळ्यात. एका घरच्या चार वर्षांच्या पोराने विचारलं, “काका, तुम्ही कोळी ना? मग मासे कुठे आहेत?” गल्लीत ते नाव पक्कं झालं. काकू शेवटपर्यंत म्हणत राहिल्या की कोळी मुततोच, पण बल्ब त्यांनीही पिवळाच लावला.

पुढच्या श्रावणात एका संध्याकाळी घड्याळामागून एक चपटा कोळी निघाला. बायको सवयीने पाय वर घेऊन बसली. मग तिने पाय खाली केले. “राहू दे,” ती म्हणाली. “झुरळं फार झालीत.”

दहा-अकरा वर्षांनी मुलगी शिकायला पुण्याला हॉस्टेलवर गेली. पहिल्याच पावसाळ्यात तिचा फोन आला. खोलीतल्या दोघींना फोड आले होते, आणि वॉर्डनबाई म्हणत होत्या, कोळी मुतला, उद्या माणूस बोलावून सगळीकडे औषध मारून घेऊ.

“मग?” मी विचारलं.

“मग काय, पप्पा? मी ट्यूबखाली चादर अंथरली. पंधरा मिनिटांत सात किडे. बाईंना दाखवले. आणि म्हटलं, बाई, औषध नाही, विष म्हणा. मग बघा मारायची इच्छा होते का.”

“काय म्हणाल्या?”

“उद्या पिवळे बल्ब येतायत.”

मी फोन बायकोच्या हातात दिला. ती ऐकत होती आणि माझ्याकडे बघून हसत होती.